बंदुकीची लाल चिंधी

११ एप्रिल, शुक्रवार

वानरांनी आज कहर केला. शहाळी तोडतोडून खाली टाकली, सगळी पाण्याने भरलेली! एक दांडगा हुप्प्या तर पडवीच्या कौलांवर बसून मलाच दात दाखवत होता. झाडू उगारला तर हललासुद्धा नाही. शेवटी मकसूद ठासणीची बंदूक घेऊन मागे गेले (नवऱ्याचं नाव कागदावर घेते, तोंडावर आजवर घेतलेलं नाही) आणि एक बार काढला. वानरं पळाली, कोंबड्या पळाल्या, माझ्या हातातली लोणच्याची बरणी पडता पडता राहिली.

बार नुसताच. आत दारू आणि वर काथ्या ठासलेला. आवाज मोठा, लागत कुणाला नाही. बंदुकीचा परवाना आहे नारळ-सुपारीच्या वाडीच्या राखणीचा, पण वानरावर छर्रा मारायचा नाही असं माझ्या आजेसासऱ्यांनी मारुतीच्या देवळापाशी गावाला कबूल केलेलं. ते घरात अजून पाळतात. छर्रे फक्त रानडुकरासाठी. आणि छर्रे भरले की नळीला लाल चिंधी बांधायची, बार सुटेपर्यंत सोडायची नाही. गावातलं शेंबडं पोरसुद्धा बंदूक दिसली की आधी चिंधी बघतं. चिंधी नाही — वानरं हाकताहेत, खेळा खुशाल. चिंधी आहे — घरात पळा. छर्रे आणि चिंधी एकाच डब्यात, कपाटावर.

जेवताना चिडवलं त्यांना. म्हटलं, एवढा बंदूकवाला माणूस आणि बकरी ईदला डोळे मिटून घेतो! कोंबडी कापायची तर शेजारच्याला हाक मारतो! म्हणाले, "जेव तू." आणि पापलेटचा मधला तुकडा माझ्या बाजूला सरकवला. आम्ही दोघं एका ताटात जेवतो, लग्न झाल्यापासून. कितीही भांडण होवो, तोंड फिरवून बसता येत नाही.

१३ एप्रिल, रविवार

लिहवत नाही. या अल्ला, काय बघितलं आज!

जेवायला दोन ताटं मांडली. मांडली म्हणजे — मांडली गेली.

१४ एप्रिल, सोमवार

घरात माणसांची रीघ लागली आहे, चहा करून करून दमले. आता जरा शांत आहे. काल झालं ते नीट लिहून काढते, नाहीतर डोक्यातून जायचं नाही.

दुपारची वेळ. फाटकाजवळ आमसुलं वाळत घालत होते. जोडून सुट्ट्या आल्यामुळे रस्त्यावर गाड्याच गाड्या, सगळ्या समुद्राकडे. आमच्या वळणावर एका पांढऱ्या गाडीने विनेशच्या मोटरसायकलला घासलं. विनेश म्हणजे सखुमावशीचा मुलगा, आमचे नारळ तोच पाडतो. आमच्या हारिसला माडावर चढायला त्यानेच शिकवलं. माणूस वाईट नाही, पण प्यायला की त्याचा तो राहत नाही. काल प्यायलेला होता. पडला, गुडघा फुटला. गाडीतला माणूस उतरून काहीतरी बोलला, विनेशही बोलला. शब्द मला कळले नाहीत. एवढंच दिसलं की विनेशचा हात पाठीमागे कमरेला गेला. तिथे कोयता असतो त्याचा.

त्या माणसाच्या दंडावर वार बसला. तो गटारात कोसळला. मला वाटलं, झालं, आता भानावर येईल. कुठला! विनेश गाडीकडे वळला. आत बाई होती आणि एक लहान मुलगी. बाईने आतून दारं लावून घेतली. तो कोयत्याच्या पाठीने काच फोडायला लागला. त्या पोरीने काचेला आतून हात टेकवलेला — तो तळवा मला इथून दिसत होता. समोर चहाच्या टपरीवर इतकी माणसं. कोणी ओरडत होतं, कोणी फोनवर चित्रण करत होतं. पुढे कोणी गेलं नाही. मी तरी कुठे गेले!

आवाज ऐकून मकसूद वाडीतून आले. हातात बंदूक, वानरांसाठी भरलेली. विनेशने वळून पाहिलं. त्यांच्या तोंडाकडे नाही, आधी नळीकडे. आणि हसला!

"चाचा, जावा, वानरं हाका. त्यात छर्रे न्हाईत, मला दिसतंय."

आणि परत काचेवर हाणलं. काचेला तडा गेला. मकसूद मागे फिरले आणि घरात शिरले. टपरीवरचं कोणीतरी म्हणालं, "गेला हा पण." आणि मला — खरं तेच लिहिते — मला बरं वाटलं. आला बाबा माझा माणूस घरात! ती बाई कोण, कुठली, माझं तिच्याशी काय घेणंदेणं!

मग ते बाहेर आले. धावत नाही, चालत. मशिदीत जातात तसे, खाली बघून, बेताने. नळीला लाल चिंधी होती.

गाडी आणि विनेश यांच्यामध्ये जाऊन उभे राहिले. नळी त्याच्या छातीवर. बोलले एवढंच —

"विनेश, चिंधी बघ."

विनेशने चिंधी पाहिली, मग त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. कोयता हातातून सुटला. तो रस्त्यातच मांडी घालून बसला आणि रडायला लागला.

मी या माणसाबरोबर सगळा संसार केला. त्यांचा राग ठाऊक, खोकला ठाऊक, चहात साखर किती ते ठाऊक. कालचा चेहरा मला ठाऊक नव्हता. भीती नाही, राग नाही, काहीच नाही त्यावर! खूप स्वच्छ दिसत होता तो चेहरा.

चार जणांनी विनेशला धरलं, त्या जखमी माणसाला उचललं. मकसूद सरळ घरामागे गेले. भरलेली बंदूक घरात टांगायची नाही हा आमच्याकडचा नेम, आणि ठासणीची बंदूक रिकामी करायची तर बार काढावाच लागतो. धाडकन आवाज आला. मग चिंधी सोडून डब्यात ठेवली, हातपाय धुतले आणि नमाजाला उभे राहिले.

संध्याकाळी पोलीस आले. साहेब तरुण, बोलायला सभ्य. विचारलं, बंदूक भरलेली होती का? मी पडद्याआड उभी.

"होती साहेब. छर्रे होते."

"सुटली असती तर?"

"तर तो गेला असता."

पाऊस नाही, ऊन आहे, अशा आवाजात! साहेबांचं लिहिणं थांबलं. मग म्हणाले की माणसं वाचली हे खरंच आहे, पण त्यांना हे असंच्या असं वर कळवावं लागणार. परवाना राहतो की जातो, यांच्यावर गुन्हा लागतो की नाही, ते वरून ठरेल. बंदूक घेऊन गेले.

आत दारू नि काथ्या होताच. वरून छर्रे टाकून ठासायला असा कितीसा वेळ लागतो! माझ्या डोळ्यांसमोरून ते जात नाही. कपाटावरचा डबा काढला असेल. झाकण उघडलं असेल. छर्रे मोजून घेतले असतील, डुकराला घेतात तसे. विनेशसाठी. त्याला या घरात मी किती वेळा भाकरी वाढली आहे!

१५ एप्रिल, मंगळवार

कतारहून हारिसचा फोन. चित्रण त्याच्यापर्यंत पोचलं तिकडे. आधी रडवेला झाला, मग चिडला. पोलिसांना फोन करायचा, आरडाओरडा करायचा, बंदूक कशाला उचललीत? उद्या गुन्हा लागला तर अम्मीचं काय? यांचं आपलं हूं, हूं. शेवटी तो म्हणाला, "अब्बा, ती बाई आपली कोण होती? आणि विनेशदादाला तर मी लहानपणापासून ओळखतो. परक्या माणसांसाठी आपल्या माणसाला मारणार होतात?"

फोन मीच धरला होता. हाच प्रश्न दोन दिवस माझ्या पोटात आहे, विचारायची हिंमत नाही.

"काच फुटत होती, हारिस," हे म्हणाले. "आत पोर होतं. कोण कुणाचं ते बघायला मी थांबलो नाही."

फोन ठेवल्यावर वाडीत गेले, आळ्यांना पाणी लावत बसले. मी विचार करत राहिले. पोलीस पोचायला किती वेळ लागला असता ते मला माहीत आहे, आमचा रस्ता मला माहीत आहे. तोवर त्या पोरीचं काय राहिलं असतं? आणि तरी — ज्याच्या त्याच्या हातात बंदूक आणि ज्याने त्याने ठरवायचं कोणाला मारायचं, असं झालं तर? आज मकसूद आहेत. उद्या एखादा डोकेफिरू असेल. तोही म्हणेल, मी लोकांना वाचवायला गेलो! दोन्ही बाजू पटतात. डोकं दुखायला लागलं, बाम चोळून पडून राहिले.

१६ एप्रिल, बुधवार

आजही दोन ताटं. त्यांनी पाहिलं. माशाचा तुकडा सरकवायला हात पुढे आला आणि मधेच थांबला — ताट लांब होतं.

१७ एप्रिल, गुरुवार

सखुमावशी आली. मला वाटलं होतं शिव्या देईल, केस ओढेल. पायरीवरच बसली. आत ये म्हटलं तर आली नाही. आमची सुपारी सोलायला किती वर्षं येते, या घरात तिला कधी कोणी या म्हणायची गरज पडली नव्हती.

मकसूदना म्हणाली, "माझ्याकडं बघून सांग. माझ्या लेकरावर भरलेली धरलीस?"

हे तिच्यासमोर खाली बसले. "चिंधी होती ना, मावशी."

मग म्हणाली, नुसत्या बाराला विनेश थांबला नसता, तो आवाज ऐकतच तो मोठा झालाय. भरलेली होती म्हणून थांबला. नाहीतर त्या पोरीचं रक्त त्याच्या हाताला लागलं असतं, आणि मग त्याला जगून तरी काय उपयोग! "तू माझ्या पोराला वाचवलंस, मकसूद. त्या बाईला नंतर, आधी माझ्या पोराला." मी कान देऊन ऐकत होते. आई आहे ती त्याची!

मग पदराने तोंड पुसून उठली आणि जाता जाता म्हणाली, "पन आता तुझ्याकडं बघवत न्हाय रे मला. सुपारीला दुसरी बाई बघा."

चहा तसाच पायरीवर राहिला. मकसूद त्या कपाकडे बघत बसले. मी कप उचलला नाही.

१९ एप्रिल, शनिवार

गाडीतली बाई आली, मुलीला घेऊन. अमिषा नाव, ठाण्याची. नवऱ्याच्या हाताला टाके पडलेत, बरा आहे. मिठाई आणली, शाल आणली. यांच्या पायाशी वाकली तर हे असे मागे सरकले जसा काही चटका बसला! म्हणाली, "तुम्ही देवासारखे आलात." यांना ते सहन होईना. वानरं आली वाटतं, असं पुटपुटून वाडीत पळाले. बंदूक नाही, तर रॉकेलचा जुना डबा काठीने बडवत हिंडताहेत. वानरं बसून मजा बघतात.

ती मुलगी माझ्या मांडीवर येऊन बसली, न बोलावता. आमसूल दिलं तर तोंड वाकडं करून खाल्लं आणि अजून मागितलं. तिचा तळवा मी उलटासुलटा करून पाहिला. तोच. एवढासा हात!

ती गेल्यावर मात्र मी रडले. ही पोर वाचली याचा आनंद होतो आणि तेव्हाच विनेशच्या छातीवरची नळी दिसते. एकाच मनात दोन्ही कसं ठेवायचं! मकसूद आत आले, मला रडताना पाहिलं, ताटांच्या मांडणीकडे पाहिलं. दोनच काढली होती मी.

२० एप्रिल, रविवार

आज सगळं फिरलं! अल्लाचे किती शुक्र मानू!

जेवायला बसताना ते हळूच म्हणाले, "बिल्किस, एक सांगतो. कुणाला बोलायचं नाही. त्या दिवशी छर्रे नव्हते."

मला कळेचना. म्हटलं, काय नव्हतं?

"वेळ कुठे होता? डब्यातून फक्त चिंधी काढली नि बांधली. आत वानरांचाच बार होता."

म्हणजे हा माणूस फुसका बार घेऊन कोयत्यापुढे जाऊन उभा राहिला! विनेशने एक वार केला असता तर? हातात नुसता धूर! तो चेहरा, ती शांत चाल — ती मारायला निघालेल्याची नव्हती, मरायला तयार असलेल्याची होती. आणि मी आठवडाभर त्याला वेगळं ताट वाढलं. मी त्यांचे हात धरून रडले, हसले, काय काय केलं. त्यांना म्हटलंसुद्धा — भरलेली असती ना, तर या हातचा घास माझ्या घशाखाली उतरला नसता कधी. ते खाली बघून भात कालवत होते.

एकाच ताटात जेवलो.

मग मी म्हटलं, उद्याच म्हसळ्याला जाऊन साहेबांना सांगा, म्हणजे काही मागे लागणार नाही. तर नाही म्हणाले. का नाही? म्हणाले, "चिंधी आजपर्यंत खोटी बोलली नाही. उद्या गावात कळलं की ती नुसतीच बांधता येते, तर पोरं चिंधी बघून पळायची नाहीत. मग एखाद्या दिवशी खरी असेल." त्यासाठी गुन्हा अंगावर घेणार? "घेईन."

काय बोलणार अशा माणसाला! डोकं आपटावं की सलाम करावा!

२१ एप्रिल, सोमवार

दिवसभर त्यांच्याकडे चोरून बघत होते, नव्या नवरीसारखी. बनियनला भोक, पायात तुटकी चप्पल, डबा बडवतोय, वानरं हसताहेत — आणि हाच तो! परक्या बाईसाठी रिकाम्या हाताने उभा राहिला. माझ्या डोक्यातला गुंता त्याने किती सोपा करून टाकला. परक्याला वाचवायचं, पण कुणाचा जीव घेऊन नाही. आपला पुढे करून.

आणि आता त्याच माणसावर गुन्हा लागणार, कारण तो एका चिंधीसाठी खोटं बोलला? मी नाही होऊ देणार. त्यांची चिंधी त्यांच्यापाशी, माझा नवरा माझ्यापाशी! परवा मीच जाते म्हसळ्याला. साहेबांना एकट्याला सांगते, गावात बोलू नका म्हणून विनवते. ऐकतील, भला माणूस वाटला. यांना सांगणार नाही. डॉक्टरकडे जाते म्हणेन.

२३ एप्रिल, बुधवार

रिक्षा फाटकाशी आली. साहेबांकडे मोकळ्या हाताने कसं जायचं म्हणून घरामागच्या कापा फणसाचा एक फणस काढायला गेले. खोडावर छातीइतक्या उंचीला भोकं. एकाशेजारी एक. त्यातून चीक ओघळून तपकिरी सुकलेला, त्याला मुंग्या चिकटलेल्या. एका भोकात बोट घातलं. आत छर्रा लागला, गोल, गार. काथ्या असा झाडात शिरत नाही. त्या दिवशी बंदूक इथेच रिकामी केली होती.

म्हणजे साहेबांना खरं सांगितलं. हारिसला खरं, सखुमावशीला खरं. चिंधीही खरीच होती. खोटं बोलले ते एकट्या माझ्याशी. दोन ताटं त्यांना बघवली नाहीत.

चूल सारवायची ओली माती आणली आणि भोकं लिंपून टाकली. रिक्षावाल्याला म्हटलं, नाही जायचं आता, बरं वाटतंय. ते डबा बडवून घामाघूम होऊन आले आणि हात धुऊन बसले.

मी ताट वाढलं. एकच.